युरोपात रिसर्चची संधी शोधताना देशाच्या आधी रीजन कसं बघायचं

दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबर आला की माझ्या फोनवर एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडानं येतो. पीएचडीला जर्मनी बरी की नेदरलँड्स? पोस्टडॉकला स्पेनमधे पैसा आहे का गं? भोसरीत वर्कशॉप असलेला मावसभाऊ विचारतो, ताई युरोपात पार्टनर शोधायचाय, इटलीत बघू की पोलंडात? आणि मी प्रत्येकाला उलटा प्रश्न विचारते, की जर्मनीत कुठं, स्पेनमधे कुठं, इटलीत कुठं. लोकांना वाटतं मी टाळतेय. पण खरंच सांगते, देशाचं नाव घेऊन या प्रश्नाला उत्तरच देता येत नाही, कारण युरोपात रिसर्चचा पैसा कुठं जाणार, कोणत्या विषयात जाणार, कोणती लॅब पुढची पाच वर्षं माणसं घेत राहणार हे बऱ्याचदा राजधानीत ठरतच नाही, ते त्या त्या प्रदेशात ठरतं. मला हे कळायला दोन वर्षं गेली, तुमची जाऊ नयेत म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतेय.

थोडी उदाहरणं आधीच देते म्हणजे पटेल. बेल्जियममधे रिसर्चचा बराचसा कारभार केंद्राकडं नाहीच, फ्लँडर्स आणि वालोनी हे तिथले प्रदेश आपापलं बघतात. ल्यूव्हेनची आयमेक, म्हणजे चिपच्या रिसर्चमधली जगातली पहिल्या रांगेतली संस्था, ती १९८४ साली फ्लँडर्स सरकारच्या पुढाकारानं उभी राहिली आणि आजही तिथं त्यांचा पैसा जातो. जर्मनीत युनिव्हर्सिट्या राज्यांच्या अखत्यारीत आहेत. इटलीत आपली पोरं ज्या गरजेवर आधारलेल्या स्कॉलरशिपच्या मागं असतात ती सुद्धा रीजनकडून येते, म्हणून बोलोन्यात शिकायचं तर एर-गो कडं अर्ज आणि तोरिनोत शिकायचं तर एदिसू पिएमोंतेकडं, नियम वेगळे, तारखा वेगळ्या, रक्कम वेगळी. तेव्हा "इटलीची स्कॉलरशिप" असं काही शोधत बसलात की हाती काहीच धड लागत नाही.

आधी दोन खिसे समजून घ्या, बाकी सगळं त्यावरच उभं आहे.

पहिला खिसा म्हणजे होरायझन युरोप, युरोपियन युनियनची रिसर्चला पैसा देणारी मुख्य योजना. २०२१ ते २०२७ साठी साधारण ९५.५ अब्ज युरो. इथं सगळ्या युरोपची एकत्र स्पर्धा लागते, चांगलं प्रपोजल जिंकतं, तुमचा पत्ता कोणता हे बहुतेक वेळा विचारत नाहीत. ऐकायला न्याय्य वाटतं आणि आहेही, पण होतं काय की ज्या लॅब आधीच तगड्या आहेत त्याच जिंकतात, त्यामुळे पैसा पुन्हा म्युनिक, पॅरिस, ल्यूव्हेन, कोपनहेगन असाच गोळा होत राहतो.

दुसरा खिसा म्हणजे कोहेजन पॉलिसी, म्हणजे श्रीमंत आणि मागे पडलेल्या प्रदेशांमधली दरी कमी करायचं युरोपियन युनियनचं धोरण, त्यातला प्रादेशिक विकास निधी एकटाच सव्वादोनशे अब्ज युरोच्या आसपास आहे. इथं मात्र पहिला प्रश्नच पत्ता कोणता हा असतो. रीजनचं दरडोई उत्पन्न युरोपीय सरासरीच्या ७५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर ते कमी विकसित गटात, ७५ ते १०० मधे असेल तर संक्रमण गटात, आणि १०० च्या वर गेलं की विकसित गटात. गटावरून दोन गोष्टी ठरतात, किती पैसा येणार आणि प्रोजेक्टच्या खर्चात ब्रुसेल्सचा, म्हणजे युरोपियन युनियनचा, वाटा जास्तीत जास्त किती असणार. कमी विकसित गटात तो ८५ टक्क्यांपर्यंत जातो, विकसित गटात तो निम्म्याच्याही खाली येतो. आता हा सगळा पैसा रिसर्चचा नाही, त्यात बाकीही शंभर कामं होतात. पण एक बंधन आहे, विकसित रीजननी या निधीतला किमान ८५ टक्के हिस्सा इनोव्हेशन आणि हरित कामं या दोन्हींवर मिळून लावायचा, संक्रमण गटानं किमान ४० टक्के इनोव्हेशन-डिजिटल-छोटे उद्योग यावर, कमी विकसित गटानं किमान २५ टक्के. हा हिशोब देशपातळीवरही मांडता येतो त्यामुळे आकडे तंतोतंत प्रत्येक ठिकाणी तसेच दिसतील असं नाही, पण दिशा कळते.

पत्त्याला किती किंमत आहे हे बघायचं असेल तर प्रागच्या बाहेर जा. दोल्नी ब्रेझानी नावाचं छोटंसं गाव आहे, तिथं ईएलआय बीमलाइन्स हे अतिशय शक्तिशाली लेझरचं केंद्र आहे, आणि जवळच वेस्तेत्स गावात बायोसेव्ह हे बायोटेकचं मोठं केंद्र. एवढ्या मोठ्या संस्था शहर सोडून गावाकडं का? कारण प्राग हे स्वतः एक वेगळं रीजन आहे आणि ते श्रीमंत आहे, या मोठ्या बांधकामांचा निधी प्रागला लागूच नव्हता, आजूबाजूच्या मध्य बोहेमिया रीजनला लागू होता. म्हणून हद्द ओलांडली आणि लॅब बांधली. हंगेरीनं आणि पोलंडनं तर नकाशाच बदलला, २०१८ पासून बुडापेस्ट आणि भोवतालचा पेश्त जिल्हा वेगवेगळे मोजले जातात, वॉर्सा आणि बाकीचा माझोव्हिया सुद्धा वेगळे, कारण राजधानीच्या श्रीमंतीमुळे आजूबाजूचा भाग कागदावर श्रीमंत दिसत होता आणि त्याचा निधी कापला जात होता. आपल्याकडं पुण्याची सरासरी काढून तिच्यात वेल्हा-भोर झाकले जातात तसलाच प्रकार, फक्त तिकडं त्यांनी तो आकडेवारीच्या नकाशात दुरुस्त केला.

तर आता कामाला लागू.

पहिलं काम, तुमच्या डोक्यात जे शहर आहे त्याचा नट्स कोड काढा. नट्स म्हणजे युरोपच्या आकडेवारी खात्यानं, युरोस्टॅटनं, पाडलेले प्रदेशांचे तीन थर. नट्स १ म्हणजे साधारण ३० ते ७० लाख वस्तीचे मोठे प्रदेश, नट्स २ म्हणजे ८ ते ३० लाखांचे, नट्स ३ म्हणजे दीड ते ८ लाखांचे. निधीचा गट नट्स २ वर ठरतो. कोडमधे आधी देशाची दोन अक्षरं मग आकडे, म्हणजे स्पेनमधला बास्क प्रदेश ईएस२१, जर्मनीतलं स्टुटगार्ट डीई११. ग्रीसला मात्र जीआर शोधू नका, तिथं ईएल लागतं, माझी एक मैत्रीण त्यातच अडकली होती. युरोस्टॅटच्या साइटवर नकाशा आहे, दोन मिनिटांचं काम.

पण इथं एक मोठी गफलत होते आणि ती मी स्वतः केलीय. नट्स २ हा आकडेवारीचा थर आहे, तिथं सरकार असेलच असं नाही! जर्मनीत खरी सत्ता राज्याकडं, म्हणजे नट्स १ ला, स्टुटगार्ट हा नट्स २ प्रशासकीय जिल्हा आहे पण रिसर्चचे निर्णय बाडेन-व्युर्टेम्बर्ग सरकार घेतं. फ्रान्समधे २०१६ ला रीजन एकत्र केले तेव्हापासून निवडून आलेली रीजनल सरकारं नट्स १ वर आहेत, नट्स २ ला जुन्या रीजनच्या हद्दी तशाच राहिल्यात. स्पेन, इटलीत बहुतेक ठिकाणी नट्स २ लाच सरकार मिळतं. आणि पोर्तुगाल किंवा फिनलंडच्या मुख्य भूमीवर नट्स २ ला निवडून आलेलं रीजनल सरकार तुम्हाला सापडणारच नाही. त्यामुळे कोड काढला की लगेच दुसरा प्रश्न विचारा, इथं पैशाचा निर्णय नेमका कुणाच्या सहीनं होतो. हा प्रश्न ज्याला विचारता आला त्याचा निम्मा रस्ता संपला.

दुसरं काम, रीजनल इनोव्हेशन स्कोरबोर्ड उघडा, म्हणजे कोणता रीजन इनोव्हेशनमधे किती पुढं याची क्रमवारी. युरोपियन कमिशन हा साधारण दर दोन वर्षांनी काढतं. २०२३ च्या अंकात २३९ रीजन होते, चार गटात, लीडर, स्ट्राँग, मॉडरेट आणि इमर्जिंग, आणि प्रत्येक गटात पुन्हा अधिक-उणे. २०२३ ला पहिला नंबर कोपनहेगनचं होवेडस्टाडेन, मग हेलसिंकी-उसिमा, मग म्युनिकचं ओबरबायर्न. आता लोक काय करतात, पहिले दहा बघतात आणि तिथंच अर्ज टाकतात, आणि तिथं तर सगळं जग अर्ज टाकत असतं. नंबर बघू नका म्हणत नाही, पण त्याखालचे वेगवेगळे निर्देशांक बघा. कंपन्या रिसर्चवर किती खर्च करतात आणि सरकार-युनिव्हर्सिटी किती करतात, या दोनात मोठी तफावत असते. कंपन्यांचा खर्च जोरात असेल तर पीएचडीनंतर तिथंच नोकरी लागायची शक्यता वाढते, उदाहरणार्थ बाडेन-व्युर्टेम्बर्ग, उत्पन्नाच्या ५ टक्क्यांहून जास्त खर्च रिसर्चवर आणि त्यातला मोठा भाग कंपन्यांचा, युरोपचं एकूण उद्दिष्ट ३ टक्के आहे ते २००२ पासून अजून गाठलं नाहीये म्हणजे बघा. उलट सरकारी खर्च जास्त आणि कंपन्या थंड असतील तर लॅब छान मिळेल पण पुढं शहर सोडावं लागेल हे मनात धरून जा.

तिसरं काम सगळ्यात महत्त्वाचं आणि नेमकं तेच कुणी करत नाही. त्या रीजनची एस३ वाचा. एस३ म्हणजे स्मार्ट स्पेशलायझेशन स्ट्रॅटेजी, काही ठिकाणी आरआयएस३ म्हणतात. यामागची कल्पना डॉमिनिक फोरे, पॉल डेव्हिड, ब्रॉनविन हॉल या अर्थतज्ज्ञांनी २००८-०९ च्या सुमारास मांडली. त्यांचं म्हणणं सरळ होतं, प्रत्येक प्रदेश उठून नॅनोटेक-बायोटेक-आयटी करतो म्हणतो आणि सगळ्यांचे पैसे वाया जातात, त्यापेक्षा तुमच्याकडं आधीपासून काय येतं ते बघा, त्याला नव्या तंत्राची जोड द्या, आणि हे सरकारनं एकट्यानं ठरवू नका, कंपन्या, युनिव्हर्सिट्या, स्थानिक लोक यांना बसवून शोधा. या शोधाला ते उद्योजकीय शोधप्रक्रिया म्हणतात. २०१४ पासून तर ही अटच झाली, स्ट्रॅटेजी नसेल तर इनोव्हेशनचा निधी अडतो, आणि २०२१ नंतर ती एकदा लिहून भागत नाही, सांभाळणारी यंत्रणा, देखरेख, बाहेरच्या देशांशी सहकार्य असे सात निकष पाळत राहावे लागतात.

तुम्हाला याचा उपयोग काय? उपयोग असा की त्या कागदात लिहिलेलं असतं की हा प्रदेश पुढची काही वर्षं कोणत्या चार-पाच विषयांवर पैसा घालणार आहे. म्हणजे पेपर फुटल्यासारखंच झालं ना, फक्त कायदेशीर! बरेचदा तो स्थानिक भाषेत असतो, पोलिश, स्पॅनिश, इटालियन, पण ब्राउजरमधलं भाषांतर पुरेसं होतं. रीजनचं नाव आणि पुढं स्मार्ट स्पेशलायझेशन असं शोधलं की मिळतो. दोनशे पानं वाचायची गरज नाही, मी हे एवढंच बघते, प्राधान्याचे विषय किती आणि किती नेमके, प्रत्येक विषयाला कोण जबाबदार, आणि मधेच कधी बदल केलाय का. बारा-पंधरा विषय लिहिलेले असले आणि त्यात आरोग्य, ऊर्जा, डिजिटल, शेती, पर्यटन, संस्कृती सगळंच असलं तर समजायचं की इथं कुणी निवड केलीच नाही, कुणालाही नाराज न करता यादी जोडलीय. तिथल्या स्ट्रॅटेजीवर भरवसा ठेवू नका, सरळ लॅब बघून अर्ज करा.

चांगली स्ट्रॅटेजी कशी दिसते हे बघायला बास्क प्रदेश घ्या, माझ्या आवडीचा आहे म्हणून जरा सविस्तर सांगते. बावीस लाखांच्या आसपास वस्ती, म्हणजे आपल्या एखाद्या मध्यम जिल्ह्याएवढी. बिल्बाओ हे पोलाद आणि जहाजबांधणीचं शहर. ऐंशीच्या दशकात दोन्ही कोसळलं, शहराच्या मधोमध असलेलं एउस्काल्दुना जहाजबांधणी केंद्र बंद पडलं, बेकारी वीस टक्क्यांच्या वर गेली. गिरणगाव ज्यांनी बघितलाय त्यांना याचं चित्र वेगळं काढून दाखवायला नको. पण नेमकं त्याच सुमारास, १९७९ च्या स्वायत्ततेच्या कायद्यानं, त्यांना स्वतःचं सरकार मिळालं आणि बहुतेक कर स्वतः गोळा करायचा जुना अधिकार परत मिळाला. १९८१ ला त्यांनी स्प्री ही उद्योग विकास संस्था काढली, १९८५ ला बिल्बाओजवळ झामुदिओत स्पेनमधलं पहिलं टेक्नॉलॉजी पार्क उघडलं. नव्वदच्या सुरुवातीला हार्वर्डच्या मायकल पोर्टर या मॅनेजमेंट तज्ज्ञाच्या टीमकडून अभ्यास करून घेऊन उद्योगांचे क्लस्टर, म्हणजे एकाच क्षेत्रातल्या कंपन्यांचे गट, बांधले. लोकांना बिल्बाओ म्हटलं की १९९७ चं गुगेनहाइम म्युझियम आठवतं, पण त्याच्या आधी पंधरा-सोळा वर्षं हे काम चालू होतं.

आणि त्यांनी पोलादाचं ज्ञान टाकून दिलं नाही हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. धातू कापणारी, घडवणारी माणसं होती, मग मशीन टूल्स, गाड्यांचे भाग, विमानाचे भाग, पवनऊर्जा असं सरकत गेले. जीवविज्ञान मात्र २००० नंतर जवळजवळ नव्यानं उभं केलं, पण ते सुद्धा तिथल्या उत्पादन-कौशल्याला जोडून. त्यांच्या २०३० च्या आराखड्यात मुख्य विषय तीनच आहेत, स्मार्ट इंडस्ट्री, स्वच्छ ऊर्जा आणि व्यक्तिगत आरोग्यसेवा, आणि शेजारी थोडे संधीचे विषय, जसं सकस अन्न किंवा शाश्वत शहरं. युनिव्हर्सिटी आणि कारखाना यांच्या मधे टेक्नॉलॉजी सेंटर्सचा थर आहे, टेक्नालिया हे त्यातलं सगळ्यात मोठं, आणि २०१९ पासून ही सेंटर्स बीआरटीए या एका छत्राखाली आहेत. आता तुम्ही पुण्यात मटेरियल्समधे एमटेक केलेलं असेल आणि तुम्हाला इंडस्ट्रीला लागून काम आवडत असेल तर माद्रिदच्या युनिव्हर्सिटीपेक्षा हे टेक्नॉलॉजी सेंटर तुमच्यासाठी योग्य जागा आहे, पण "स्पेन पीएचडी" शोधून तुम्ही तिथं कधीच पोचणार नाही.

नेदरलँड्समधल्या आइंडहोवनची गोष्टही अशीच, नव्वदच्या सुरुवातीला फिलिप्सनं मोठी कपात केली आणि १९९३ ला ट्रक बनवणारी डाफ दिवाळ्यात गेली. मग पालिका, युनिव्हर्सिटी आणि कंपन्या एकत्र बसल्या, त्यातून पुढं ब्रेनपोर्ट हे त्यांच्या सहकार्याचं जाळं झालं. शेजारच्या व्हेल्डहोवनमधली, चिप बनवायची यंत्रं तयार करणारी एएसएमएल आज सगळ्यांना माहीत आहे. २०२४ ला डच सरकारनं या भागासाठी अडीच अब्ज युरोचा प्लॅन जाहीर केला, घरं, रस्ते, वीज आणि टेक्निकल शिक्षण यासाठी. मुद्दाम सांगतेय, कारण घर मिळणं हा तिथं जाणाऱ्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न आहे आणि तो सुद्धा आता इनोव्हेशन पॉलिसीचा भाग झालाय.

श्रीमंत भागच बघायचे असं अजिबात नाही. पोलंडच्या आग्नेय कोपऱ्यात पोडकार्पाच्ये आहे, कमी विकसित गटातलं रीजन, पण झेशुफ शहराभोवती २००३ पासून एव्हिएशन व्हॅली हा क्लस्टर आहे आणि त्यांच्या स्ट्रॅटेजीत विमान-अंतराळ हा विषय वरच आहे. झेक प्रजासत्ताकात बर्नो, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप बनवणाऱ्या कंपन्यांचं जगातलं एक मोठं ठिकाण, सोबत सेटेक ही रिसर्च संस्था जी युरोपीय निधीतूनच मोठी झाली. इटलीत एमिलिया-रोमान्यात मिरांदोला नावाचं छोटं गाव, १९६२ पासून तिथं डायलिसिस आणि वैद्यकीय डिस्पोजेबलचा उद्योग वाढला, २०१२ च्या भूकंपात सगळं हादरलं तरी परत उभं राहिलं. बायोमेडिकलवाल्यांनो, मिलानच्या आधी हे नाव शोधा. तिथली रीजनल संस्था आर्ट-एर, लॅबचं जाळं आणि क्लस्टर दोन्हीची माहिती त्यांच्याकडं एका जागी मिळते.

चौथं काम पडताळणीचं. स्ट्रॅटेजी म्हणजे बोलणं झालं, प्रत्यक्ष पैसा कुणाला मिळाला हे वेगळं बघायचं. त्यासाठी दोन फुकट डेटाबेस आहेत. कोहेजियो, त्यात कोहेजन निधीतून झालेले प्रोजेक्ट नकाशावर दिसतात, रीजन आणि विषय टाका, संस्थेचं नाव आणि बहुतेक ठिकाणी रक्कम येते. आणि कॉर्डिस, त्यात होरायझनचे प्रोजेक्ट. दोन्हीत एकाच रीजनमधली तीच संस्था दिसली तर ते सोनं समजा, म्हणजे त्यांना इमारत आणि यंत्रं प्रादेशिक निधीतून मिळालीत आणि माणसं घ्यायचा पैसा स्पर्धेतून जिंकायची धमकही आहे. फक्त कोहेजियोत असेल आणि कॉर्डिसमधे काहीच नसेल तर तिथं चकचकीत यंत्रं असतील पण ती चालवायला माणसं घेण्याचा पैसा आहे का हे विचारून घ्या, मुलाखतीत नम्रपणे विचारलं तर कुणी रागवत नाही. एका ठिकाणी मी हे न विचारता गेले होते, यंत्र झाकून ठेवलेलं होतं आणि देखभालीचा करार संपलेला, सहा महिने माझे तिथं गेले. कुणाचं नाव घ्यायचं नाहीये, पण तेव्हापासून हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारायला लावते.

पाचवं काम, माणूस शोधणं आणि मेल लिहिणं. प्रोफेसरला तर लिहाच, पण रीजनल एजन्सी आणि क्लस्टरचा मॅनेजर यांनाही लिहा, खास करून तुम्ही कंपनीवाले असाल तर. त्यांचं कामच बाहेरच्यांशी जोडून देणं हे आहे. ब्रुसेल्समधे शेकडो रीजनची स्वतःची छोटी ऑफिसं आहेत, एरिन नावाचं रीजनचं रिसर्चचं जाळं २००१ पासून आहे, त्याच्या मेंबर लिस्टमधून योग्य माणसापर्यंत जाता येतं. मेल कसा नसावा ते आधी सांगते, "मी अमुक कॉलेजचा टॉपर असून आपल्या नामांकित संस्थेत काम करण्यास उत्सुक आहे". हे दिवसाला पन्नास येतात त्यांना. त्याऐवजी असं काहीतरी, की तुमच्या रीजनच्या स्ट्रॅटेजीत प्रगत उत्पादन हा विषय आहे, त्यात तुमच्या सेंटरचा धातूच्या थ्रीडी प्रिंटिंगचा प्रोजेक्ट मी कॉर्डिसवर बघितला, मी चाकणच्या कारखान्यात याच प्रकारच्या भागांच्या थकव्याच्या (फटीग) चाचण्या दोन वर्षं केल्यात, माझ्याकडं हा डेटा आणि ही पद्धत आहे, तुमच्या पुढच्या टप्प्यात याचा उपयोग होईल का. इंग्रजीत लिहा, पण सात-आठ ओळीच. माझ्या स्वतःच्या बाबतीत पहिल्या प्रकारच्या चाळीसेक मेलना एक उत्तर आलं होतं, दुसऱ्या प्रकारच्या सहा मेलना तीन.

आता पैशाच्या वाटा. पीएचडी झालेल्यांसाठी युरोपियन युनियनची मारी क्युरी पोस्टडॉक फेलोशिप कोणत्याही देशाच्या माणसाला खुली आहे, अर्ज साधारण सप्टेंबरात बंद होतो, आणि त्या देशात मागच्या ३६ महिन्यांत १२ पेक्षा जास्त महिने राहिलेलं चालत नाही. इथं रीजनचा फायदा दोन ठिकाणी होतो. एक, होस्ट संस्था वायडनिंग देशात असेल, म्हणजे रिसर्चमधे मागे राहिलेले पोलंड, झेकिया, पोर्तुगाल, ग्रीस, एस्टोनिया, रोमानिया वगैरे पंधरा देश, तर अर्ज भरताना एका खुणेनं तुम्ही त्या देशांसाठीच्या ईआरए फेलोशिपसाठीही उभे राहता, मुख्य यादीत नाव नाही आलं तरी दुसरा चान्स राहतो. ती खूण करायची लोक विसरतात! दोन, ८५ टक्क्यांच्या वर गुण मिळून पण पैसे संपल्यामुळे राहिलात तर सील ऑफ एक्सलन्स मिळतं, ते नुसतं फ्रेम करून ठेवायचं नाही, काही देश आणि रीजन ते बघून स्वतःच्या निधीतून फेलोशिप देतात, होस्टला विचारा.

याशिवाय रीजनच्या स्वतःच्या योजना आहेत आणि त्यांची जाहिरात आपल्याकडं फारशी पोचत नाही. कातालोनियाची इक्रेआ २००१ पासून, बास्कची इकेरबास्क २००७ पासून, दोन्ही जगभरातून संशोधक घेतात, पासपोर्ट विचारत नाहीत, पण स्पर्धा जबरदस्त. मारी क्युरीचाच कोफंड नावाचा भाग आहे त्यात रीजन आणि युरोप मिळून फेलोशिप काढतात, फ्रान्समधल्या ब्रिटनीनं बिएंव्हन्यू नावाची पोस्टडॉक योजना अशीच चालवली. युरॅक्सेसवर, म्हणजे युरोपातल्या रिसर्च नोकऱ्यांच्या साइटवर, शोधताना म्हणून देशासोबत रीजनचं नाव आणि कोफंड हा शब्द टाकून बघा.

मावसभावासारख्या कारखानदारांसाठी थोडं वेगळं. होरायझनच्या प्रोजेक्टमधे भारतीय संस्था पार्टनर म्हणून जाऊ शकतात, पण भारताला बहुतेक कॉलमधे, म्हणजे अर्ज मागवणाऱ्या जाहिरातींमधे, युरोपचा पैसा आपोआप मिळत नाही, आपला खर्च आपण किंवा भारतातल्या खात्याच्या एखाद्या योजनेतून भागवावा लागतो. हे आधी माहीत नसलं की सहा महिने मेलामेली करून शेवटी तोंडघशी पडायला होतं. त्यापेक्षा क्लस्टरमधल्या एखाद्या छोट्या कंपनीशी सरळ व्यवहार, चाचणी, सुटा भाग, सॉफ्टवेअर असं सुरू करणं सोपं. आणि जुन्या ओळखी वापरा. महाराष्ट्र आणि बाडेन-व्युर्टेम्बर्ग यांची राज्या-राज्यातली भागीदारी २०१५ पासून आहे, मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून जोडशहरं आहेत, नाशिकची बॉश आणि चाकणची मर्सिडीज दोन्हीची मुख्यालयं त्याच भागात. तिथल्या क्लस्टर मॅनेजरला नाशिक किंवा चाकण हे नाव बहुधा समजावून सांगावं लागत नाही, आणि पहिल्या मीटिंगमधे याचा फार फरक पडतो.

वेळेचं गणित पण बघा. निधीचा आत्ताचा कालखंड २०२७ ला संपतो, पण कोहेजनचा खर्च २०२९ च्या शेवटापर्यंत करता येतो, म्हणजे शेवटची दोन-तीन वर्षं रीजनना पैसा संपवायची घाई असते आणि कॉल बरेच निघतात. पुढच्या २०२८ ते २०३४ साठी कमिशननं जुलै २०२५ मधे प्रस्ताव मांडला, त्यात होरायझनला १७५ अब्ज युरो सुचवलेत, आणि कोहेजन, शेती वगैरे निधी एकत्र करून देशागणिक एकच योजना करायची असं म्हटलंय. यावर रीजन नाराज आहेत, ब्रुसेल्समधली कमिटी ऑफ द रीजन्स, जी १९९४ पासून आहे आणि जिच्यात ३२९ सदस्य आहेत, तिनं विरोध केलाय, कारण निधीची किल्ली राजधानीकडं गेली तर बिल्बाओसारख्यांनी चाळीस वर्षांत जे उभं केलं ते पुढच्या झेशुफला, पुढच्या मिरांदोलाला कसं जमणार. मला त्यांची भीती रास्त वाटते. हा प्रस्ताव पार्लमेंट आणि देशांच्या मान्यतेतून जाताना बदलू शकतो, म्हणून तुम्ही ज्या लॅबशी बोलताय त्यांना आत्ताच विचारा की तुमची पोस्ट कोणत्या खिशातून आहे आणि ती २०२७ नंतर कशावर चालणार. तीन वर्षांची पीएचडी २०२६-२७ ला सुरू करणाऱ्यानं तर हा प्रश्न ऑफर लेटरवर सही करायच्या आधीच लेखी विचारावा, आणि उत्तरही लेखी घ्यावं.